धान्याच्या धुळीची नोंद

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी भुसावळच्या बाजूने नागपुरास येऊन पोहोचली, आणि त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वेचे मीटरगेज रूळ पूर्वेस डोंगरगड व राजनांदगाव यांच्या दिशेने पडू लागले, तेव्हा भोसल्यांच्या या जुन्या राजधानीस कापसाबरोबरच धान्याचीही मोठी उतारपेठ होण्याचा योग आला. तोवर छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, पावसाळा टाळून, मजल दरमजल करीत येई. आता तो वाघिणींतून येऊ लागला, आणि इतवारीच्या पेठेत अडते, दलाल, मापारी व हमाल यांची एक संपूर्ण दुनिया त्या धान्याच्या आधाराने उभी राहिली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्यप्रांत हादरला, आणि धान्य हा सरकारच्या रात्रंदिवस काळजीचा विषय झाला. भाव, आवक, निर्यात, पेरा, मापे यांची बारकाईने टिपणे होऊ लागली. रसेलसाहेबांच्या संपादकत्वाखाली १९०८ साली निघालेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर हे त्या टिपणवृत्तीचेच फळ आहे. मात्र हे धान्य ज्यांच्या खांद्यांवरून आणि हातांतून गेले, त्यांच्या छातीत त्याचा किती अंश गेला, हा प्रश्न त्या काळच्या दप्तराच्या कक्षेत कधी आलाच नाही.

तो नंतरच्या काळातही जवळजवळ आला नाही, आणि तो का आला नाही याची हकीकत सांगावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. धान्याच्या व पिठाच्या धुळीने माणसास दमा जडतो ही गोष्ट वैद्यकास तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या प्रांतात कारखान्यांचे कायदे झाले, कामगारांच्या चौकशीसाठी समित्या बसल्या, विमा आला, मंडळे आली. परंतु प्रत्येक वेळी या रोगाची पाळी येता येता राहून गेली.

प्रथम ते काम डोळ्यांसमोर आणले पाहिजे. शेतकऱ्याच्या खळ्यावरून निघालेला गहू वा धान बाजारात येईतो निदान पाच-सात वेळा हलविला जातो, आणि प्रत्येक वेळी तो धूळ सोडतो. गाडीतून पोते उतरले की हमाल त्यात आकडा रोवून ते पाठीवर घेतो. तागाच्या पोत्याचे तोंड त्याच्या मानेशी व कानाशी येते आणि विणीतून झिरपणारी भुकटी घामाने भिजलेल्या अंगाला चिकटते. पोते रिकामे करताना धान्याचा लोट खाली पडतो व धुळीचा लोट वर उठतो. मग चाळणा चालतो, मग वजन वा माप. जुन्या काळचा मापारी ढिगाशी गुडघे मोडून बसे, पायली भरून हाताने तिचे तोंड सपाट करी आणि प्रत्येक मापाचा आकडा मोठ्याने, लयीत उच्चारी. पहिल्या मापास तो 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे, आणि धनी व गिऱ्हाईक या दोघांचाही विश्वास त्या अखंड उच्चारावर असे. म्हणजे ढिगाच्या अगदी निकट, तोंड उघडे ठेवून, दिवसभर मोठ्याने मोजणे हीच ज्याची उपजीविका, त्याला नाकाने सावकाश श्वास घेण्याचीही सवड धंद्याने ठेवलेली नव्हती. शेवटी राहिलेली झाडणी बायका खराट्याने गोळा करीत आणि सुपाने पाखडून त्यातले दाणे वेगळे काढीत. वाऱ्याची दिशा पाहून पाखडणाऱ्यालाही स्वतःच्या पुढ्यातला धुरळा टाळता येत नाही. वजनकाटा आला, मापारी गेला, इतवारीतील पुष्कळसा घाऊक व्यवहार कळमन्याच्या बाजार-आवारात गेला; हमाली आणि झाडणी मात्र पुष्कळशी पूर्वीचीच राहिली आहे.

ही जी धूळ, ती नुसती माती नव्हे. तीत गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी असणारी बारीक लव असते, फोलपटाचे व कोंड्याचे चूर्ण असते, ओलसर साठवणीत वाढलेल्या बुरशीचे बीजाणू असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे साठवणीतले कोळीवर्गीय सूक्ष्म जीव आणि त्यांची विष्ठा असते, सोंडकिड्यांच्या अंगाचे तुकडे असतात, जंतूंच्या आवरणातून सुटलेली विषारी द्रव्ये असतात आणि शेतातल्या मातीतली गारही असते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, जीव गुदमरतो, हे आपल्या खेड्यांतील अडाणी म्हणविणाऱ्या माणसालाही पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. साठविलेले धान्य श्वासाला घातक ठरू शकते याचे हे रोकडे ज्ञान होते. परंतु ते एका क्षणाच्या अपघाताविषयीचे ज्ञान होते. वर्षानुवर्षे थोडी थोडी आत जाणारी धूळ अशी एका दिवसात कोणाला मारीत नाही, म्हणून तिच्याविषयी असा दंडक घातला गेला नाही.

युरोपात हा दंडक घालण्याचा पहिला गंभीर यत्न इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने केला. १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १७१३ साली त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. खाणकामगार, कुंभार, मुलामा देणारे, भंगी, सुईणी, विद्वान मंडळी अशा कितीतरी धंद्यांची प्रकरणे त्यात आहेत. आणि त्यांतच पीठ दळणारे व पाव भाजणारे यांचे एक, तसेच धान्य चाळणारे व मापणारे यांचेही एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोठारातले धान्य चाळताना उठणारी धूळ घशात, फुप्फुसांत व डोळ्यांत जाते, अंगास कंड सुटते, आणि या धंद्यात आयुष्य घालविणारे बहुतेक लोक दम लागणारे व कृश असून क्वचितच म्हातारपण पाहतात, असे त्याने निरीक्षणावरून लिहून ठेवले. मोडेनाच्या कोठारातील तो मापारी आणि इतवारीतील मापारी यांच्यामध्ये समुद्र होता, धर्म होता, भाषा होती. ढीग मात्र सारखाच होता. हिपोक्रॅटिसने रोग्यास विचारावयाचे जे प्रश्न सांगितले होते, त्यांत 'तू काम काय करतोस?' या प्रश्नाची भर वैद्याने घालावी, हा रामाझ्झिनीचा आग्रह पुढे जगप्रसिद्ध झाला. मला त्याचे मोठेपण अशासाठी वाटते की, कारण ठाऊक नसताही त्याने कामकऱ्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवला.

कारण कळावयास पुढे सव्वादोनशे वर्षे लागली. १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने गवताच्या परागांचे प्रयोग स्वतःच्या त्वचेवर व नाकावर करून गवतज्वराचे मूळ दाखविले. गहू, जव, राय ही सारी गवतांचीच भावंडे, हे येथे लक्षात ठेवावे. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने शरीराच्या या बदललेल्या प्रतिक्रियेस 'ॲलर्जी' हे नाव दिले. १९३५ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे वैद्य डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूक यांनी पिठाच्या गिरण्यांतील कामगारांच्या दम्याचे मूळ गव्हाच्या लवेत व धुळीत असल्याचे प्रसिद्ध केले; त्या प्रांतात गव्हाच्या गिरण्यांची गजबज असल्याने रोगी त्यांच्या दाराशीच होते. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी रक्तातील ते प्रतिद्रव्य वेगळे ओळखले, ज्यास आज आयजीई म्हणतात आणि ज्याच्यामुळे हा सारा उत्पात घडतो. गव्हाच्या दाण्यात कीटकांपासून रक्षणासाठी निसर्गाने जी काही प्रथिने ठेवली आहेत, त्यांपैकी काही माणसाच्या श्वासनलिकेस शत्रूसारखी भासतात, असेही पुढे आढळले. आणि पाव फुगावा म्हणून बेकऱ्यांत पिठात मिसळले जाणारे बुरशीपासून काढलेले अमायलेज हे द्रव्य तर स्वतःच एक प्रबळ कारण ठरले.

रोगाची चाल मोठी फसवी आहे. काम धरल्यावर काही महिने, पुष्कळदा काही वर्षे, काहीच होत नाही. शरीर जणू आतल्या आत वैर साठवीत असते. मग एके दिवशी शिंका सुरू होतात, नाक चोंदते, डोळे चुरचुरतात. हमाल म्हणतो, पडसे आहे. त्यानंतर रात्री कोरडा खोकला, पहाटे छाती आवळल्यासारखी वाटणे आणि शेवटी पायरी चढताना घरघर. पोळ्याला तो गावी जातो, चार दिवसांत छाती मोकळी होते, घरची माणसे म्हणतात हवापालट मानवला. तान्हा पोळा आटोपून तो परत येतो, गोदामाचे दार उघडतो, आणि दोन दिवसांत पुन्हा तोच खोकला. धुळीपासून दूर असता आराम व धुळीत परतताच त्रास, ही या रोगाची मुख्य खूण. आणि तीच खूण शहरात कोणीतरी विचारील तेव्हाच सापडते. शिवाय ज्या गव्हाच्या पिठाने त्याचा श्वास कोंडतो, त्याच गव्हाची पोळी तो रोज दोन वेळा खातो आणि त्याला काही होत नाही. शिजल्यावर व पचताना त्या प्रथिनांचे रूप बदलते, म्हणून बहुधा पोटास ते बाधत नाही. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या समाजात, जे खाल्ल्याने जगतो त्यानेच श्वास कोंडतो, ही गोष्ट कोणाच्या मनात सहजासहजी यावी कशी? दमा वडिलांकडून आला, थंडीने आला, विडीने आला, या उत्तरांनी सर्वांचे समाधान होई. त्यातही विडीचे उत्तर पुष्कळदा खरे असे, आणि त्यामुळे दुसरे कारण अधिकच झाकले जाई.

धुळीच्या धंद्यांतील मजूर दिवसाच्या अखेरीस गुळाचा खडा खातात, त्याने धूळ 'उतरते' अशी समजूत आहे. ही समजूत हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे; लखनौच्या विषविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९४ साली उंदरांवर प्रयोग करून कोळशाची व गारेची धूळ फुप्फुसांतून बाहेर पडण्यास गुळाने काही साह्य होते असे दाखविले होते. परंतु धान्याच्या धुळीचे वावडे एकदा शरीराने धरले की चिमूटभर धूळही पुरते, आणि तेथे गुळाचे काही चालत नाही. डोक्याच्या दुपट्ट्याचे टोक नाकाशी धरणाऱ्याचीही तीच गत. मोठे कण कापडावर अडतात, आणि जे अगदी बारीक कण खोल जातात ते त्यातूनही पार होतात.

आता कायद्याकडे वळू. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आगीसाठी पाण्याचे फवारे त्यांनी तेथे बसविले. बेझनजी मेहतांच्या व्यवस्थेखाली त्या गिरणीने कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयीही कायद्याच्या कितीतरी आधी केल्या. विदर्भाच्या मनात 'गिरणी' म्हटले की त्या धुराड्याचेच चित्र उभे राहिले, आणि खरे सांगावयाचे तर कायदा करणाऱ्यांच्या मनातही तेच चित्र होते. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर वा अधिक माणसे असलेल्या यांत्रिक कारखान्यांना लागू झाला. १८९१ मध्ये ती संख्या पन्नासावर आली, १९२२ मध्ये विसावर. प्रत्येक पायरीवर कायद्याची कक्षा थोडी खाली उतरत होती. पण पिठाच्या चक्कीवर माणसे असतात दोन. तांदळाच्या लहान गिरणीत सहा-आठ. आणि अडत्याच्या दारात उभा राहणारा हमाल तर कोणत्याच कारखान्यात मोडत नाही.

हा प्रश्न सहज पुढे यावा असा जो काळ होता, तो १९३४ नंतरचा. नागपूरपासून जवळच वर्ध्यास त्या वर्षीच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा मंत्री, आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे ठाणे. गांधीजींनी यंत्रावर सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाविरुद्ध आणि गिरणीच्या पिठाविरुद्ध मोहीमच उघडली. तांदळाचा सत्त्वांश कोंड्याबरोबर निघून जातो व बेरीबेरीसारखे रोग होतात हा एक मुद्दा; ढेंकी, उखळ आणि जाते यांवर पोट भरणाऱ्या लक्षावधी बायकांचा घास हिरावला जातो हा दुसरा. दोन्ही मुद्दे सत्य होते आणि दोन्हींमागे अपार करुणा होती. तरीही त्या वादाचा सारा भर खाणाऱ्याच्या प्रकृतीवर आणि काम गमावलेल्या बाईवर राहिला. त्याच गिरणीत कोंड्याच्या खोलीत उभा असलेला जो माणूस, त्याला कैवारी मिळाला नाही. गिरणीच्या विरोधकांच्या दृष्टीने ती गिरणीच नसावयास हवी होती, आणि गिरणीच्या पुरस्कर्त्यांना तिचा खर्च वाढवावयाचा नव्हता.

याच सुमारास एक संधी अगदी हाताशी येऊन हुकली. मजुरांविषयीच्या शाही कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात कायद्याबाहेर राहिलेल्या लहान कारखान्यांकडे लक्ष वेधले होते. कामठीचे बाबू हरदास यांच्यासारखे तरुण पुढारी विडी कामगारांची संघटना बांधीत होते. आणि १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने अनियंत्रित कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. सबंध हिंदुस्थानात हे पाऊल त्या काळी पुढारलेलेच म्हटले पाहिजे. त्या कायद्याने विडी वळण्याची, लाख गाळण्याची आणि कातडी कमावण्याची ठिकाणे आपल्या छत्राखाली घेतली. तंबाखूची धूळ, लाखेची धग आणि चामड्याची घाण यांचा उपद्रव पाहणाऱ्याच्या नाकाला तत्काळ कळतो. धान्याच्या गोदामाला मात्र एक गोड, ओळखीचा, समृद्धीचा वास येतो. मसुदा करणाऱ्यांच्या मनात नेमके काय होते ते सांगता येणार नाही, पण या वासाचाही त्यात वाटा असावा, असे मला वाटते. दळणकांडणाची ठिकाणे त्या छत्राबाहेर राहिली.

त्यानंतरचे पर्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. प्रा. आदारकरांची कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत तयार झाली. १९४४ साली द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली, आणि तिने अनेक धंद्यांबरोबर तांदळाच्या गिरण्यांचीही पाहणी केली. हंगामी काम, मुकादमामार्फत भरती, वाळवणाला व पाखडणीला बायका, रोजंदारीची अनिश्चितता, या गोष्टी प्रथमच सरकारी कागदावर पद्धतशीर आल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली एकापाठोपाठ तीन मोठे कायदे झाले, आणि या तिहींत धान्याच्या कामकऱ्याचे भाग्य कसे वाटले गेले ते पाहण्यासारखे आहे. किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात तांदूळ, पीठ आणि डाळ यांच्या गिरण्यांतील रोजगार अगदी आरंभीच, दुसऱ्या क्रमांकावर, नमूद झाला. म्हणजे या माणसाची पिळवणूक होते हे राज्याने मान्य केले. कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमाने, कामगारास अपायकारक होईल अशी कोणतीही धूळ उगमापाशीच खेचून बाहेर टाकण्याची जबाबदारी मालकावर घातली. शब्द इतके व्यापक आहेत की पीठ, कोंडा, भुसा सारे त्यात येते. पण हे कलम लागू व्हावयास विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसे हवी होती. आणि तिसऱ्या कायद्याची कामगार राज्यविमा योजना १९५४ साली नागपुरात आली, तेव्हा तिचे दार वीस वा अधिक कामगारांच्या, बारमाही चालणाऱ्या कारखान्यांपुरतेच उघडे होते. वेतनाच्या कायद्याने ज्याला नावानिशी हाक मारली, त्यालाच प्रकृतीच्या दोन्ही कायद्यांनी डोकी मोजून बाहेर ठेवले.

हमालांचा प्रश्न सोडविण्यास आणखी एकवीस वर्षे गेली. सकाळी एका अडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी तिसऱ्याचे. मग याचा मालक कोण, आणि भरपाई कोणाकडे मागावयाची? मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांस संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मंडळाकडे कामगारांची नोंदवही, मालकांचीही नोंद, मजुरीवर ठराविक लेव्ही, आणि तीतून भविष्यनिर्वाह, उपदान, रजा, औषधोपचार. अनेक मालकांच्या माणसाला एक मालकस्थान देणारी ही रचना मला आपल्या राज्याच्या कायदेकर्तृत्वातील अत्यंत अभिमानास्पद गोष्ट वाटते. तीत पाठीचा विचार झाला, पोत्याच्या वजनाचा झाला. श्वासाचा व्हावयाचा राहिला. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला तोही असाच; मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतमजुरांच्या हालांनी संसदेचे लक्ष वेधले, तोंडाशी रक्षक पन्हाळ बसविणे आवश्यक ठरले, आणि त्याच यंत्राच्या मागच्या बाजूने जो भुशाचा झोत निघतो त्यात दिवसभर उभ्या असलेल्या बाईचा उल्लेख करण्याचे कोणास सुचले नाही.

मराठी मुलुखात या धुळीचे जे शास्त्रीय मोजमाप झाले ते प्रसिद्ध झाले २००६ साली, आणि ते जळगावचे. जेथील विद्यापीठास आज बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, तेथील पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासकांनी शहरातल्या पिठाच्या गिरण्यांत जाऊन हवेतील धूळ मापली, चक्की चालविणाऱ्यांस फुंकणयंत्रात फुंकावयास लावून फुप्फुसांची क्षमता तपासली, आणि इतरांच्या तुलनेने ती घटलेली असल्याचे व श्वासमार्ग आकसल्याची चिन्हे असल्याचे जपानच्या औद्योगिक आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जळगावची चक्की आणि नागपूरच्या महालातली वा सक्करदऱ्यातली चक्की यांत काडीचा फरक नाही. आठ-दहा फुटांची खोली, एकच दार, वर होपर, खाली कापडी सोंड आणि तिच्या तोंडाशी गिऱ्हाइकाचा डबा. सोंड झटकली की पांढरा ढग उठतो आणि भिंतीवरच्या कोनाड्यातील देवाच्या तसबिरीवर थर बसतो. काही दिवसांनी दगड बोथट झाले की ते उघडून टाकी मारावी लागते. खाचांत अडकलेले पीठ व दगडाची भुकटी चक्कीवाला तोंडाने फुंकर मारून काढतो, आणि फुंकर मारण्यापूर्वी अर्थातच तो खोल श्वास घेतो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने पिठाच्या धुळीसाठी सुचविलेली मर्यादा आहे घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम. अशा खोलीत ती कशी पाळली जावी?

ब्रिटनने १९८२ साली धंद्यातून होणारा दमा भरपाईस पात्र ठरविला, तेव्हा पहिल्या सात कारणांच्या यादीतच गहू, जव, ओट, राय, मका यांची धूळ व पीठ समाविष्ट केले. आपल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात वैद्याने सरकारास कळविणे आवश्यक अशा २९ रोगांची यादी होती. शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता, आणि एम्प्रेस मिलसारख्या ठिकाणच्या कापसाच्या धुळीपासून होणारा बिसिनोसिसही होता. धान्याच्या धुळीचा दमा त्यात नव्हता. नागपुरात खाणकामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था होती, जी २०१९ साली अहमदाबादच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन झाली. शहराच्या हवेचे नमुने घेणारी नीरी ही पर्यावरण-संशोधन संस्था तर १९५८ पासून येथेच आहे. तपासणारी दृष्टी आणि उपकरणे या शहरास परकी नाहीत. आणि कायद्याची कक्षा, जी १८८१ पासून शंभर, पन्नास, वीस, दहा अशी खाली येत होती, ती २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने पुन्हा वर नेली: वीज असलेल्या कारखान्यास आता वीस माणसे लागतात. एकशे चाळीस वर्षांच्या ओघात ही पहिलीच उलटी पायरी आहे, आणि तिचे मला मनापासून दुःख होते.

उपाय फार खर्चिक नाहीत. होपरला झाकण, सोंडेभोवती घट्ट आवरण, धूळ उठते तेथेच तोंड असलेला शोषक पंखा, कोरड्या खराट्याऐवजी शोषक यंत्राने झाडणी, आणि खरोखर बारीक कण अडविणारी मुखपट्टी. मोठ्या रोलर-गिरण्यांत यांतले पुष्कळ आहेच, कारण पिठाच्या धुळीचा स्फोट होतो ही धास्ती मालकाला असते. पण रोग एकदा जडल्यावर सर्वांत मोठा उपाय एकच, तो म्हणजे वेळीच ओळखून धुळीतून माणसाला बाहेर काढणे. लक्षणे सुरू झाल्यापासून जितकी वर्षे तो त्याच धुळीत राहतो, तितकी पुढे धूळ सुटली तरी दमा न सुटण्याची शक्यता वाढते. पोत्यामागे मजुरी मिळविणाऱ्यास हा सल्ला नुसता तोंडी देऊन भागणार नाही, त्याला त्याच आवारात काट्यावर, शिलाईवर वा फाटकावर दुसरे काम मिळाले पाहिजे. ते देऊ शकणारी आणि प्रत्येक हमालाचे नाव, वय व कामाची वर्षे जिच्या वहीत आजच लिहिलेली आहेत अशी यंत्रणा महाराष्ट्रात माथाडी मंडळांची आहे. तेव्हा नाव नोंदविताना एकदा आणि त्यानंतर दरवर्षी हंगामाच्या अखेरीस एकदा फुप्फुसांची मोजणी करून ती त्याच वहीत, लेव्हीच्या रकान्याशेजारी, लिहावी, आणि या कामाचा आरंभ कळमन्यापासून करावा.